हा येथे कसा आला?

दिवाळीची सुटी संपून शाळा पुन्हा भरू लागल्या, की नागपुरास थंडीची चाहूल लागते. बाजारात संत्र्यांच्या राशी दिसू लागतात, सकाळच्या पहिल्या तासास मुले हात चोळीत वर्गात येतात, आणि अशाच एखाद्या दिवशी शाळेच्या सूचनाफलकावर सहलीची सूचना लागते. सहल अमुक तारखेस निघेल. महाराजबाग प्राणिसंग्रहालय, रमण विज्ञान केंद्र आणि अंबाझरी तलाव ही स्थळे पाहून सायंकाळी परत येईल. वर्गणी अमुक इतकी. पालकांचे संमतिपत्र आणावे. डबा व पाणी बरोबर घ्यावे. एवढ्या पाच-सहा ओळी वाचण्यासाठी फलकाभोवती जी झुंबड उडते, तशी परीक्षेच्या निकालासाठीही उडत नसेल.

या सूचनेत कोठे जावयाचे ते असते, केव्हा जावयाचे ते असते, किती पैसे द्यावयाचे ते तर ठळक अक्षरांत असते. कशासाठी जावयाचे, हे मात्र क्वचितच असते. ते सर्वांस ठाऊकच आहे असे गृहीत धरलेले असते. प्राणिसंग्रहालयात प्राणी पाहावयास जातात. त्यात सांगण्यासारखे आणखी काय असावयाचे?

सहलीची आखणी करणाऱ्या शिक्षकांवर कामचुकारपणाचा आरोप कोणीही करू नये. बस ठरविणे, नावांची यादी करणे, औषधांची पेटी बरोबर घेणे, प्रत्येक थांब्यावर मुले मोजणे, ही कामे जो करतो त्यासच त्यांचा भार ठाऊक. १ फेब्रुवारी २०१६ रोजी मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी सहलीत बुडाले, तेव्हापासून तर सहलींच्या नियमांस अधिकच धार आली, आणि ती यावयासच हवी होती. मूल जसे गेले तसे सुखरूप घरी परतणे ही सहलीची पहिली अट होय. परंतु पहिली अट म्हणजे सारी सहल नव्हे. जे मूल जसे गेले तसेच परत आले, अंगाने आणि मनानेही, त्या मुलाची सहल झाली असे म्हणता येईल काय?

प्रचलित सहलीचे चित्र सर्वांच्या परिचयाचे आहे. मुलांस सकाळी आठ वाजता शाळेत बोलाविलेले असते. प्रार्थना, हजेरी, उशिरा येणाऱ्यांची वाट पाहणे आणि छायाचित्र यांत दोन तास जातात. बस संग्रहालयाच्या दाराशी पोहोचते तेव्हा ऊन चढलेले असते. वाघ, बिबट्या, अस्वल हे पहाटे व सायंकाळी हिंडणारे जीव; दुपार ही त्यांची झोपेची वेळ. म्हणजे नेमक्या त्यांच्या झोपेच्या वेळी शे-दीडशे मुलांची रांग त्यांच्या पिंजऱ्यासमोर येऊन उभी राहते. वाघ हलत नाही म्हणून मुले ओरडतात. मुले ओरडतात म्हणून शिक्षक शिटी वाजवितात. आणि त्या दोन्ही आवाजांनी वाघ एक डोळा किलकिला करतो व पुन्हा मिटतो. मागच्या मुलास पुढच्याच्या खांद्यावरून पिवळ्या-काळ्या पट्ट्यांचा एक तुकडा दिसतो. तेवढ्यात “चला, पुढे चला” अशी आज्ञा होते. खरी गर्दी माकडांच्या पिंजऱ्याशी होते, कारण माकडे निदान प्रेक्षकांची दखल तरी घेतात. दुसऱ्या दिवशी वर्गात निबंध लिहिला जातो. साठ मुलांनी साठ निबंध लिहिलेले असतात, आणि त्यांतील कोणताही एक वाचला की उरलेले एकोणसाठ वाचण्याचे श्रम वाचतात.

हा दोष मुलांचा नव्हे. काय पाहावयाचे हे त्यांस कोणी सांगितले नव्हते, असेही म्हणता येत नाही. वाघ पाहा, मगर पाहा, मोर पाहा, हे सांगितलेलेच होते. त्यांच्या हाती एखादा प्रश्न दिलेला नव्हता, एवढेच. आणि प्राणिसंग्रहालयात नेण्याजोगा सर्वांत चांगला प्रश्न फार साधा आहे. पिंजऱ्यासमोर उभे राहून मुलाने विचारावे: हा येथे कसा आला?

प्रश्न दिसतो त्याहून खोल आहे. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली हम्बोल्ट जातीचे आठ पेंग्विन आणण्यात आले. या पक्ष्याचे मूळ घर म्हणजे दक्षिण अमेरिकेतील पेरू व चिली या देशांचा किनारा. मुंबईस ते आले दक्षिण कोरियातून, विमानाने. आणि राहतात ते यंत्रांनी थंड ठेवलेल्या दालनात. पेंग्विन गोंडस दिसतो हे सांगावयास शिक्षक लागत नाही. परंतु हा प्रश्न विचारणाऱ्या मुलास भूगोल, व्यापार, हवामान आणि माणसाची हौस या चारही गोष्टींचा एकदम विचार करावा लागतो.

टोकियोतील उएनो प्राणिसंग्रहालयाची कथा याहून हृदयद्रावक आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, बॉम्बहल्ल्यात पिंजरे मोडून हिंस्र श्वापदे शहरात शिरतील या भीतीने तेथील प्राणी मारून टाकण्याचा हुकूम झाला. तेथील तिन्ही हत्ती उपासमारीने मेले. युद्धानंतर जन्मलेल्या वा जाणत्या झालेल्या मुलांनी हत्ती कधी पाहिलाच नव्हता. त्यांनी भारताचे पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू यांच्याकडे एका हत्तीची मागणी केली, आणि नेहरूंनी १९४९ साली म्हैसूरकडील एक हत्तीण जहाजाने धाडली. तिचे नाव आपल्या कन्येवरून ‘इंदिरा’ असे ठेवले आणि ही भेट भारतातील मुलांकडून जपानमधील मुलांस आहे असे कळविले. ती हत्तीण १९८३ पर्यंत जगली. उएनोतील हत्तीसमोर उभ्या असलेल्या एखाद्या मुलाने तेव्हा ‘ही येथे कशी आली?’ असे विचारले असते, तर त्याच्या आईबापांस युद्धाची सारी कथा सांगावी लागली असती.

आजच्या नागपूरच्या मुलाने हत्ती कोठे आहे असे विचारले, तर त्याच प्रश्नाची दुसरी बाजू पुढे येते. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने २००९ साली देशातील प्राणिसंग्रहालयांत हत्ती ठेवू नयेत असा निर्णय केला. दिवसाकाठी मैलोगणती चालणाऱ्या त्या प्राण्यास साखळदंडाच्या लांबीत जगावयास लावणे योग्य नव्हे, हे उमजण्यास माणसास इतकी वर्षे लागली. एखादा पिंजरा रिकामा का आहे, हेही शिक्षकाने मुलांस सांगण्यासारखे असते.

आता नागपूरकडे वळावे. महाराजबाग ही मूळची भोसले राजांची बाग. इंग्रजी अमदानीत, १८९४ साली, तेथे प्राणिसंग्रहालय सुरू झाले. लंडनचे १८२८ चे, मुंबईच्या राणीच्या बागेचा आरंभ १८६२ चा, कलकत्त्याच्या अलीपूरचे १८७६ चे. त्या मालिकेतच हे नागपूरचे संग्रहालय बसते. त्या काळी अशा संग्रहालयांचा हेतू सरळ होता. दूरदूरचे विचित्र प्राणी एका ठिकाणी आणून लोकांस दाखवावेत, आणि राज्यकर्त्यांचे वैभव लोकांच्या डोळ्यांत भरावे. पिंजरा जितका लहान तितका प्राणी जवळून दिसतो, एवढाच त्यामागचा हिशेब. जर्मनीत कार्ल हागेनबेक याने १९०७ साली हॅम्बुर्गजवळ गजांऐवजी खंदक खणून प्राणी मोकळ्यावर ठेवण्याची रीत पाडली, तेव्हा त्या हिशेबास पहिला धक्का बसला. भारताने १९९८ साली राष्ट्रीय प्राणिसंग्रहालय धोरण स्वीकारले. वन्य जिवांच्या संरक्षणास हातभार लावणे हा संग्रहालयांचा मुख्य हेतू असल्याचे त्यात सांगितले आहे. सव्वाशे वर्षांहून अधिक वयाच्या महाराजबागेस हा नवा हेतू अंगी बाणविणे सोपे गेलेले नाही. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाकडे तिचा कारभार आहे. २०१८ साली प्राधिकरणाने तिची मान्यता काढून घेतली, वाद न्यायालयात गेला, आणि बाग चालू राहिली. ही हकीकत मुलांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही. पिंजऱ्याचे माप काय असावे यावर मोठी माणसे न्यायालयात भांडतात, हे कळल्यावर मूल त्या पिंजऱ्याकडे निराळ्या नजरेने पाहील.

काही विचारवंत पालक येथेच आक्षेप घेतात. त्यांचे म्हणणे असे, की प्राणिसंग्रहालय हा तुरुंगच आहे. निरपराध जिवांस डांबलेले पाहण्यासाठी मुलांस न्यावयाचेच कशाला? वाघ पाहावयाचा असेल तर पेंचला जावे, ताडोब्यास जावे. आक्षेप मनापासून घेतलेला असतो, आणि त्यात तथ्यही आहे. परंतु त्यास दोन उत्तरे आहेत. ताडोब्याची सफर साठ मुलांच्या वर्गास, त्यातही रोजमजुरी करणाऱ्यांच्या मुलांस, परवडणारी नव्हे. हे झाले व्यवहाराचे उत्तर. दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे आहे, आणि ते काटोल रस्त्यावर गोरेवाड्यास मिळते.

गोरेवाड्याचा तलाव नागपूरकरांच्या ओळखीचा. १९१२ साली शहरास पाणी पुरविण्यासाठी तो बांधला गेला. त्याच्या भोवतालच्या जंगलात २०१५ साली वन्य प्राण्यांचे बचाव केंद्र सुरू झाले आणि २६ जानेवारी २०२१ रोजी बाळासाहेब ठाकरे गोरेवाडा आंतरराष्ट्रीय प्राणिउद्यानाचे उद्घाटन झाले. येथे वाघ, बिबट्या, अस्वल आणि तृणभक्षी प्राणी यांच्यासाठी झाडाझुडपांची विस्तीर्ण कुंपणे आहेत. प्रेक्षक बंद गाडीत बसतो आणि प्राणी मोकळा असतो. बचाव केंद्रात मात्र प्रेक्षकांस नेत नाहीत. जखमी, आईवेगळी झालेली, किंवा माणसांशी झगडा झाल्यामुळे पकडून आणलेली जनावरे तेथे ठेवतात.

या शेवटच्या शब्दांपाशी शिक्षकाने थांबावयास हवे. ऑक्टोबर २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातील वडसा भागात वनखात्याने एक वाघ बेशुद्ध करून पकडला. वनखात्याच्या दप्तरी त्याचे नाव सीटी-१. गडचिरोली, भंडारा व चंद्रपूर या तीन जिल्ह्यांत मिळून १३ माणसे मारल्याचा त्याच्यावर ठपका होता. त्यास गोरेवाड्यास आणण्यात आले. जंगलाच्या कडेने राहणारी माणसे मोहफुले वेचावयास जातात, सरपण आणावयास जातात, गुरांमागे जातात, धानाच्या बांधीत वाकून काम करतात. वाघही त्याच वाटांनी हिंडतो, कारण जंगल आखूड झाले आहे आणि वाघ वाढले आहेत. ज्या घरांतील माणसे गेली त्या घरांत दिवा लावणारे कोणी उरले की नाही, हे वर्तमानपत्राच्या दोन दिवसांच्या बातमीत कळत नाही. आणि तो वाघ? त्याने केले ते वाघपणास सोडून नव्हते. त्यास मारून टाकावे असे काहींस वाटले, त्यास मोकळेच ठेवावे असे दुसऱ्या काहींस वाटले; अखेर कुंपणाआड आयुष्य काढणे त्याच्या वाट्यास आले.

अशा प्राण्याच्या बाबतीत ‘तुरुंग’ हा शब्द अपुरा पडतो, आणि ‘आश्रम’ हा शब्द खोटा ठरतो. सहावी-सातवीच्या मुलास हे कळावयाचे नाही असे मानणाऱ्यांनी मुलांस पुरते ओळखलेले नसते. त्या वयात न्याय-अन्यायाची भूक तीव्र असते. किंबहुना मोठी माणसे ज्या प्रश्नाचे उत्तर झटकन देऊन मोकळी होतात, तो प्रश्न मुले आठ-आठ दिवस चघळीत राहतात.

मुलांचा पुढचा प्रश्नही ठरलेला असतो: “याला परत जंगलात का सोडत नाहीत?” हा प्रश्न येणारच, म्हणून शिक्षकाने आधीच तयारी करावी. यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवड्याच्या टी-१ वाघिणीस २ नोव्हेंबर २०१८ रोजी गोळी घालून मारण्यात आले. तिच्या मादी पिल्लास त्याच वर्षी डिसेंबरात पकडून पेंचमधील एका मोठ्या कुंपणात ठेवले. शिकार करता यावी, माणसाची सवय लागू नये, याची काळजी घेत दोन वर्षांहून अधिक काळ ती तेथे वाढली. मार्च २०२१ मध्ये तिला जंगलात मोकळे सोडले. थोड्याच दिवसांत झुंजीत जबर जखमी होऊन ती मरण पावली. जंगल बाहेरून मोकळे दिसते. आत मात्र प्रत्येक ओढ्यास आणि प्रत्येक टेकडीस कोणी तरी धनी असतो. नव्याने येणाऱ्यास तेथे रिकामी जागा मिळत नाही.

वाघाइतकीच, कदाचित त्याहून अधिक, उपयोगाची गोष्ट गोरेवाड्याच्या तृणभक्षी विभागात पाहावयास मिळते, आणि सहलीत तिच्याकडे कोणाचेही लक्ष जात नाही. ती म्हणजे नीलगाय. गाडी पुढे काढा, असे मुलेच ओरडतात. परंतु वर्गातील मुलांत काही तरी असतील, ज्यांचे आजोबा काटोल, उमरेड किंवा भिवापूरकडे शेती करतात. त्यांच्या घरी या प्राण्यास नीलगाय म्हणत नाहीत, रोही म्हणतात. रोही हा शब्द त्या घरांत कौतुकाने उच्चारला जात नाही. रात्रभर मचाणावर बसून, डबे बडवून, शेकोटी पेटवून जो हरभरा राखावयाचा, तो एका पहाटे रोह्यांचा कळप येऊन साफ करून जातो. त्या घरच्या मुलास शिक्षकाने बोलते करावे. शहरातील मुलास जी नीलगाय दिसते आणि गावाकडच्या मुलास जो रोही दिसतो, ते एकच जनावर आहे. हे पाठ्यपुस्तकातून सांगावयास बसले तर दोन तास लागतील, आणि त्या मुलाने सांगितले तर दोन मिनिटांत साऱ्या वर्गास पटेल. नेहमी मागच्या बाकावर बसणाऱ्या अशा मुलास त्या दिवशी गुरुजनांहून अधिक ठाऊक असते.

नावांवरून एक गोष्ट आठवते, म्हणून येथेच सांगावी. अरण्यातील प्राणिपक्ष्यांची लोकांच्या तोंडची नावे जतन करण्याचे मोठे काम मारुती चितमपल्ली यांनी केले. वनखात्यात नोकरी करीत, आदिवासींबरोबर रानोमाळ हिंडत त्यांनी हे शब्द गोळा केले आणि ‘पक्षिकोश’, ‘प्राणिकोश’ यांसारखे ग्रंथ सिद्ध केले. त्यांचे दीर्घ वास्तव्य नागपुरात होते. २०२५ साली ते निवर्तले. सहलीपूर्वीच्या आठवड्यात त्यांचा एखादा ग्रंथ शाळेच्या ग्रंथालयातून काढून वर्गात ठेवला, तर त्यास नव्याने वेगळी ओळख करून द्यावी लागणार नाही. मुले चित्रासाठी पाने उलटतील आणि शब्दांपाशी थांबतील.

आता डब्याविषयी. सहलीचा डबा हा मुलांच्या दृष्टीने सहलीचा गाभा असतो, त्यास हात लावणे धाडसाचे होईल. तथापि डबा पिंजऱ्यापासून दूर, नेमून दिलेल्या जागी, हात धुऊन खाल्ला पाहिजे, आणि त्यातील कणही प्राण्यास घालता कामा नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ यातील ३८-जे हे कलम प्राणिसंग्रहालयातील प्राण्यास चिडविणे, इजा करणे, खावयास घालणे, गोंगाटाने त्रास देणे आणि आवारात कचरा करणे या सर्वांस मनाई करते. पण कायद्याच्या भीतीपेक्षा कारण समजलेले अधिक बरे. डिसेंबर २०२४ मध्ये गोरेवाड्याच्या बचाव केंद्रात तीन वाघ आणि एक बिबट्या आजारी पडून मेले. तपासणीत त्यांस बर्ड फ्लू म्हणजे पक्ष्यांच्या तापाचा संसर्ग झाल्याचे जानेवारी २०२५ मध्ये उघड झाले. माणसांशी झगडा झाला म्हणून चंद्रपूरकडून सुरक्षित जागी आणलेली ही जनावरे; एका रोगजंतूपुढे त्यांच्या सुळ्यांचा आणि पंजांचा काही उपयोग झाला नाही. वाघ किती बलवान असतो, हे मुलांस सर्वजण सांगतात. कुंपणाआडचा वाघ किती नाजूक असतो, हे सांगितले तर शेंगदाणा फेकणारा हात आपोआप खाली येईल. गोंगाटाचेही तसेच, शिट्या घरी ठेवण्याचा नियम प्रथम शिक्षकांनी पाळावा.

प्रत्यक्ष आखणीत काही बाबतींत ठाम राहणे इष्ट आहे. एका दिवसात एकच स्थळ पाहावे. तीन स्थळांची वर्गणी एका स्थळात खर्ची पडली असे ज्या पालकांस वाटेल, त्यांस समजावून सांगावे. रमण विज्ञान केंद्र कोठे पळून जात नाही. एका वेळी एकच वर्ग न्यावा. दार उघडताच आत शिरता येईल असे निघावे. त्यासाठी मुलांस शाळेत न जमविता थेट संग्रहालयाच्या दाराशी बोलाविता आले, तर फारच उत्तम. महाराजबाग सीताबर्डीच्या अगदी जवळ आहे. पुष्कळ मुलांस ते सहज साधेल. रविवार गर्दीचा म्हणून टाळावा, आणि साप्ताहिक सुटीचा वार आधी विचारून घ्यावा. बंद दारावरून परत फिरलेली बस ही कल्पित गोष्ट नव्हे.

महाराजबाग की गोरेवाडा, या प्रश्नावर मात्र मतभेदास जागा आहे. गोरेवाड्यास प्राणी अधिक सुखात आहेत यात शंका नाही. परंतु तेथे गाडी चालत राहते. वाघ दिसला की माना वळतात, आणि पुन्हा झाडी. महाराजबागेत मूल आपल्या पायांनी चालते, आणि ज्या प्राण्यासमोर त्यास उभे राहावेसे वाटेल तेथे उभे राहू शकते. पाहणे शिकण्यास उभे राहणे लागते. म्हणून पहिली सहल महाराजबागेची व पुढच्या वर्षीची गोरेवाड्याची, असा क्रम बरा. दोन्ही पाहिलेल्या मुलास गज आणि खंदक, पिंजरा आणि कुंपण यांतील फरक समजाविण्याची गरजच राहणार नाही. अरुंद जागेत तीच ती फेरी घालणारा बिबट्या ज्याने एकदा पाहिला, तो मोकळ्या कुंपणातील बिबट्या झुडपाआड दडून दिसलाच नाही म्हणून रुसणार नाही.

साऱ्या वर्गाने सारे प्राणी पाहण्याचा अट्टाहास सोडावा. पाच-सहा मुलांचा एक गट करावा, आणि प्रत्येक गटास एक प्राणी द्यावा. प्राणी निवडण्याचा अधिकार चिठ्ठीस असावा, म्हणजे वाघावरून तंटा होणार नाही. ज्यांच्या वाट्यास घोरपड किंवा साळिंदर येईल ते आधी हिरमुसतील; अर्ध्या तासाने तेच सर्वांत पुढे असतील. गटाने आपल्या प्राण्यासमोर घड्याळ लावून अर्धा तास बसावे. तो काय करतो, कोठे पाहतो, कशास दचकतो, सावली सरकली की तोही सरकतो काय, हे लिहावे. नंतर तेथील राखणदारास एकच प्रश्न विचारावा, आणि तो हाच: हा येथे कसा आला? फलकावर प्राण्याचे नाव, त्याचे शास्त्रीय नाव आणि तो कोणत्या प्रदेशात आढळतो हे लिहिलेले असते. हा, हा एकटा, कोठून आला ते लिहिलेले नसते. ते राखणदारास ठाऊक असते. कोणी येथेच जन्मलेला असतो, कोणी दुसऱ्या संग्रहालयातून बदलून आणलेला, कोणी विहिरीत पडलेला काढून आणलेला. त्या माणसाच्या जागी जाऊन आजवर फार थोड्यांनी त्यास काही विचारलेले असते. एरवी त्यास विचारतात ते एवढेच, की पाणी कोठे मिळेल आणि वाघ कधी उठेल.

सहलीनंतरचा निबंध टाळता येत नसेल, तर त्यास निराळा वाचक द्यावा. शिक्षकासाठी लिहिलेला निबंध मूल गुणांसाठी लिहिते. ब्रह्मपुरी किंवा सिंदेवाही तालुक्यातील एखाद्या जिल्हा परिषद शाळेतील त्याच इयत्तेच्या मुलांस नागपूरच्या मुलांनी पत्र लिहावे. त्यांनी कुंपणाआडचा वाघ पाहिलेला असतो. तिकडच्या मुलांच्या गावांत अंधार पडल्यावर घराबाहेर पडू नये असे सांगितले जाते, आणि शेताकडे जाताना दोघे-तिघे मिळून जातात. ‘आम्ही वाघ पाहिला, तो झोपला होता,’ हे वाक्य तिकडे कसे वाचले जाईल, याचा विचार करताना नागपूरच्या मुलाची लेखणी दोन क्षण थांबेल. पत्रे एकाच मोठ्या पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या नावे पाठवावीत, आणि आत कोरे कागदही ठेवावेत. उत्तर यावयास आठ-पंधरा दिवस लागतील. सहल डिसेंबरात झाली असेल, तर संक्रांतीच्या सुमारास ते पाकीट वर्गात फोडता येईल.